वाचकांचे प्रश्न : उलट्या दिशेची मनीऑर्डर

सर्व वाचकांस सप्रेम सलाम. मंडळीने, म्हणजे गावच्या ख्रिस्ती चर्चने, परदेशी सेवाकार्यासाठी आपल्या सभासदांना तयार करून पाठवावे, असे पावसाळी अंकात मी ओघात दोन ओळींत लिहून गेलो होतो. त्या दोन ओळींवर कोकणपट्टीतून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि लांब पत्रांतील मुख्य प्रश्न तेवढाच घेतला आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीत जेमतेम साठ कुटुंबे आहेत आणि त्यांतील बरीच मुंबईला असतात. पाळकांचे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचे, मानधन वेळेवर देताना आमची दमछाक होते. अशा मंडळीने परदेशात सेवक पाठवण्याचा विचार करणे हा अविचार नव्हे काय? (मंडळीचे चिटणीस, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : अविचार घडू शकतो, परंतु मंडळी लहान आहे एवढ्याच कारणाने तो घडत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी अंत्युखियाच्या मंडळीतील पाच संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे दिली आहेत, आणि लगेच पुढच्या वचनांत त्या पाचांपैकी बर्णबा व शौल (म्हणजेच पुढचा पौल) या दोघांना उपास व प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून रवाना केल्याचे सांगितले आहे. माझी नजर दर वेळी अडते ती या गोष्टीवर की त्या मंडळीने उरलेसुरले कोणी पाठवले नाही. ज्यांच्या जाण्याने उपासना अडावी अशी माणसे तिने दिली. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. ज्याला गावात काम नाही आणि ज्याचे वडीलमंडळाशी, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांशी, पटत नाही, त्याला पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचे बोलावणे, झाल्याचे आपण फार लवकर मान्य करतो.

माणसे दूर पाठवण्याची रीत कोकणाला कोणी शिकवावी लागत नाही. गिरण्यांच्या काळापासून घरटी एखादा चाकरमानी मुंबईला गेला, मागे राहिलेल्यांनी घर सांभाळले, महिन्याच्या महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला आणि नाताळात किंवा मे महिन्यात चाकरमानी परतला तेव्हा त्याच्यासाठी पडवी सारवून ठेवलेली होती. मंडळीने परदेशी सेवक पाठवणे ही जवळपास हीच व्यवस्था आहे. फक्त मनीऑर्डरीची दिशा उलटी. येथे गाव पाठवते आणि गेलेला घेतो.

समुद्रापार जाण्याचीही आपल्याला सवय आहे. सुमारे १५५६ साली वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज पिता व भारतीय माता यांचे पुत्र. तरुणपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, नंतर काही काळ त्यांनी व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन या संन्यस्त संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पाठवले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये रोमन कॅथलिक मंडळीने त्यांना संत म्हणून जाहीर केले. मी स्वतः प्रॉटेस्टंट परंपरेत वाढलो, पण या किनाऱ्यावरून परदेशी सेवेला गेलेल्यांत पहिले नाव घ्यायचे तर मी हेच घेतो.

गरीब मंडळीने पाठवावे काय, याचे उत्तर इतिहासात सापडते. १७९२ मध्ये इंग्लंडमधील केटरिंग या गावी एका घराच्या मागच्या खोलीत जमलेल्या मूठभर बॅप्टिस्ट पाळकांनी जी वर्गणी कबूल केली तिची बेरीज १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स एवढी होती. पुढच्याच वर्षी त्यांनी पाठवलेले विल्यम कॅरी बंगालमध्ये उतरले, आणि त्यांच्याच बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठी व्याकरण व १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. खाणीत उतरणाऱ्याचा, म्हणजे परदेशी जाणाऱ्याचा, दोर वर राहिलेल्यांनी घट्ट धरावा, असा त्या मंडळींत करार झाल्याचे सांगितले जाते. पावसाळ्याआधी ज्यांनी विहीर उपसली आहे त्यांना दोर धरणाऱ्याची किंमत ठाऊक असते. तो विडी पेटवायला गेला की खालचा माणूस काय म्हणतो, हेही ठाऊक असते.

तरीही साठ कुटुंबांनी एकट्याने एक कुटुंब परदेशात पोसण्याची उडी घेऊ नये. शेजारच्या तीन-चार मंडळ्यांनी मिळून एक सेवक घ्यावा आणि तो एखाद्या अनुभवी भारतीय संस्थेमार्फत जावा. तिरुनेलवेलीच्या मंडळ्यांनी १९०३ मध्ये इंडियन मिशनरी सोसायटी काढली, १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, १९६५ मध्ये इंडियन इव्हँजेलिकल मिशन उभी राहिली. भारतीय माणसे भारतीय दानावर पाठवण्याचा अनुभव आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. आणि पाळकांचे मानधन थकलेले असेल तर ते आधी चुकते करावे. घरच्या सेवकाला उपाशी ठेवून दूरच्याला पाठवणे हाच तो अविचार, ज्याची आपल्याला शंका येते.

प्रश्न : मी रत्नागिरीत परिचारिका आहे, वय सव्वीस. केनियातील एखाद्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम करावे अशी माझी प्रार्थनापूर्वक इच्छा आहे. आमच्या वडीलमंडळाने मला “दोन वर्षे थांबा” असे सांगितले. हा सल्ला मानावा की हा नकार समजावा? (एक परिचारिका)

उत्तर : त्या दोन वर्षांत तुम्ही काय करायचे आहे, हे वडीलमंडळाने लिहून दिले आहे काय? दिले नसेल तर मागून घ्या. नुसते थांबायला सांगितले असेल तर तो सौम्य शब्दांतला नकारच आहे. कार्यक्रम दिला असेल तर मात्र दोन वर्षे जास्त नाहीत, आणि हे मी उगाच धीर देण्यासाठी म्हणत नाही.

तयारीचा पहिला भाग रत्नागिरीतच करता येईल. हापूसच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार तुम्ही पाहिले असतील. कलमांच्या बुंध्याशी पत्र्याची खोपटी, रात्री बॅटरी घेऊन फेऱ्या, आणि ताप आला तर तो अंगावर काढायचा. आठवड्यातून एक संध्याकाळ रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन अशा एका बागेत जा. नेपाळीतील पन्नास वाक्ये शिका. आपली भाषा न येणाऱ्या, आपले अन्न न खाणाऱ्या आणि आपण का आलो आहोत याविषयी साशंक असणाऱ्या माणसासमोर तुम्ही दर आठवड्याला वर्षभर जाऊ शकलात, तर वडीलमंडळाला तुमच्या पाचारणाविषयी वेगळा पुरावा लागणार नाही. पहिल्या दोन महिन्यांतच कंटाळा आला, तर तेही विमानाचे तिकीट काढण्याआधी कळलेले बरे.

दुसरा भाग भाषेचा, आणि येथे घाई करणाऱ्यांचे मी ऐकत नाही. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनल्ड मिचेल बाणकोटला आले आणि त्याच वर्षी मरण पावले. तरीही त्यांच्या मागून माणसे येत राहिली. १८२९ मध्ये जॉन व मार्गारेट विल्सन मुंबईत उतरले ते प्रथम बाणकोट-हर्णैच्या बाजूला मराठी शिकायला आले. मुंबईतील शाळा आणि पुढे विल्सन कॉलेज म्हणून नावारूपाला आलेली संस्था हे सगळे त्यानंतरचे. याच विल्सनांनी कोकणातील बेने इस्रायल या यहुदी लोकांसाठी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले, यावरून ते शिक्षण किती खोल गेले होते ते दिसते.

केनियात तुम्हाला स्वाहिली लागेल. ती रोमन लिपीत लिहितात, आणि हिंदी महासागरावरील जुन्या व्यापारामुळे तिच्यात ‘पेसा’, ‘गारी’, ‘चपाती’, ‘बीमा’ असे शब्द ऐकू येऊन पहिल्याच दिवशी गाव ओळखीचे वाटेल. फसू नका. स्वाहिली बोलणारा माणूस दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतो. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजला. पण तो आपल्या घड्याळात सकाळचे सात. ‘सा टाटू’ म्हणजे तीन, आणि आपले नऊ. मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभाचा ‘तिसरा तास’ येतो तोही असाच मोजलेला, त्यामुळे बायबल वाचणाऱ्याला ही रीत अगदीच परकी नाही. परंतु रुग्णाच्या बायकोला “तीन वाजता गोळी द्या” असे मराठी डोक्याने सांगाल, तर गोळीची वेळ सहा तासांनी चुकेल. भाषा न शिकता केलेल्या सेवेतून अशीही इजा होते.

तिसरा भाग कागदपत्रांचा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुमची नोंदणी चालू ठेवा. त्याशिवाय केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि कामाचा परवाना हे दोन्ही रुग्णालयामार्फत आधी मिळवावे लागतील. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी मुंबईतील अधिकृत केंद्रात घ्या आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टाला जोडून ठेवा. २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. केनियातून प्रमाणपत्राशिवाय परत आलात तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

राहिला स्वभाव. परदेशातील सेवक रोगराईने कमी आणि सहकाऱ्यांशी झालेल्या भांडणाने जास्त परततात, असे माझे निरीक्षण आहे. चार देशांच्या बायका एका स्वयंपाकघरात राहतील आणि तुम्ही सुका बांगडा भाजायला घ्याल, त्या दिवशी प्रेमाविषयीचे करिंथकरांस पत्रातील वचन पाठ असून भागणार नाही. शक्य असेल तर जाण्यापूर्वी काही महिने घराबाहेर, अनोळखी मुलींबरोबर वसतिगृहात राहा.

आणखी एक गोष्ट बरोबर न्या. दापोली तालुक्यातील करजगावचे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपल्याला अभंगातून व ओवीतून ख्रिस्त गायला शिकवले. त्याआधी आपण बऱ्याच अंशी परक्या चालींवर गात होतो. तिकडच्या उपासनेत ढोल वाजेल, लोक नाचत दान घेऊन येतील. आपल्याकडे टिळकांनी जे केले ते तिकडे त्यांचे त्यांनी केलेले असेल, आणि त्यात तुमचे काम पाहुणीचे आहे.

प्रश्न : मी मंडळीचा खजिनदार आहे. परदेशातील सेवकाला पैसे पाठवण्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, असे काही सभासद म्हणतात; दुसरे म्हणतात की कोणाच्याही खात्यातून पाठवून द्यावेत. योग्य काय? (अलिबाग)

उत्तर : दोन्ही चूक. विदेशी अंशदान विनियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, हा परदेशातून येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. आपले पैसे बाहेर जाणार आहेत, आणि त्याला विदेशी चलन व्यवस्थापन कायदा १९९९ लागू होतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम अधिकृत बँकेमार्फत परदेशी पाठवता येते, आणि त्यात भेट व देणगीही बसते. परंतु ही मोकळीक व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. शिवाय धर्मादाय संस्थेने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर त्या रकमेवर आयकराची सूट सर्वसाधारणपणे मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची स्वतंत्र मंजुरी लागते. म्हणून मंडळीच्या पेटीतले दान खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात वळवून तेथून पाठवणे, हा सोयीचा वाटणारा मार्ग पुढे हिशेबतपासणीत आपल्याच गळ्याशी येतो. आखातातून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रोख रक्कम देणे किंवा हवाल्याचा रस्ता धरणे याविषयी तर बोलायलाच नको. आपल्या ट्रस्टच्या उद्देशांत हे काम बसते की नाही, हे धर्मादाय आयुक्तांकडील नोंदीच्या प्रतीत पाहा आणि चार्टर्ड अकाउंटंटांना पहिल्याच बैठकीला बोलवा. गोंधळ झाल्यावर नव्हे.

व्यवहारात सुटका अशी आहे की सेवकाच्या खर्चाचा मोठा भाग भारतातच होतो. प्रशिक्षण, तिकीट, आरोग्य विमा, म्हातारपणाची तरतूद, आईवडिलांचे औषधपाणी, येथे शिकणाऱ्या मुलांची फी हे सर्व मंडळीला येथेच, पावती घेऊन, देता येते. तिकडचा राहण्याचा खर्च यजमान रुग्णालय किंवा संस्था उचलते काय, हे आधी लेखी ठरवावे. आणि अचानक परत आणण्याचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा. तो कोणी ठेवत नाही.

पैसा जमवण्याविषयी एक स्पष्ट मत. आमच्या मंडळीत कापणीच्या सणाच्या लिलावात एकच नारळ चार वेळा विकला गेलेला मी पाहिला आहे; घेणारा तो परत वेदीपुढे ठेवत होता आणि बोली पुन्हा सुरू होत होती. फार सुंदर दृश्य होते. पण त्या दुपारच्या उत्साहावर सेवकाचा मार्चमधला किराणा चालत नाही. मिझोरममधील मंडळ्यांत १९१० पासून एक रीत आहे: घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवते, ते तांदूळ मंडळीत जमा होतात आणि विकून आलेल्या रकमेतून सेवाकार्य चालते. आपणही तांदूळ खाणारी माणसे आहोत. महिला संघाने ही मूठ मनावर घेतली तर खजिनदाराला दरमहाचा अंदाज बांधता येईल.

प्रश्न : आमचा एकुलता एक मुलगा पत्नीसह परदेशी सेवेला जाऊ इच्छितो. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पत्नीचे गुडघे गेले आहेत. त्याला अडवणे पाप ठरेल, असे मंडळीतील काहीजण मला सांगतात. (सावंतवाडी)

उत्तर : असे सांगणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या पत्नीला महिन्याला दवाखान्यात घेऊन जायला तयार आहेत, हे मी आपल्या जागी असतो तर नम्रपणे विचारले असते. वधस्तंभावर असताना प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे योहान लिहितो. आईची सोय हा त्या मोठ्या कार्यातला अडथळा मानला गेला नाही. तिची सोय केली गेली.

म्हणून मुलाला अडवू नका, पण मंडळीला मोकळे सोडू नका. रविवारच्या सभेत उभे राहून ठराव मागा: रिक्षाची व्यवस्था कोण करील, पावसात कौले कोण चाळील, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, आणि आपल्या दोघांपैकी एकाचे काही बरेवाईट झाले तर मुलाच्या तिकिटाचे पैसे कोठून निघतील. नावे लिहून घ्या. ‘आपण सगळे आहोतच’ या वाक्यावर समाधान मानू नका. आमच्याकडे ते वाक्य ज्या घरी बोलले गेले, तेथे तीन पावसाळे कौले गळत होती. ठराव होत नसेल तर मंडळी अजून पाठवण्यास तयार नाही, आणि तो दोष आपला नव्हे.

प्रश्न : मी जहाजावर मोटरमन आहे, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असतो. सुट्टीवरून परतताना आमचे पाळक सर्वांसमोर म्हणाले, “हा आपला मिशनरी.” हे मनावर घ्यावे काय? आणि इतर धर्मांच्या खलाशांशी, आखाती बंदरांत, कसे वागावे? (दापोली तालुका)

उत्तर : मनावर घ्यावे, मात्र पाळकांनाही घ्यायला लावावे. पौल करिंथला अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करून राहिला, आणि त्याचा तंबू गळका असता तर त्याचे पुढचे बोलणे कोणी ऐकले नसते. इंजिनरूममध्ये तुमची पाळी, तुमची नोंदवही आणि तुमचे हत्यार जागच्या जागी, हा तुमच्या साक्षीचा पहिला भाग आहे. जहाजावरचा सोबती उठून जाऊ शकत नाही, चार महिने त्याच मेसमध्ये तुमच्यासमोर बसणार असतो. त्याने न विचारता त्याला उपदेश करणे म्हणजे दार बंद करून बोलणे आहे. त्याच्या घरून वाईट बातमी आली तर त्याची पाळी तुम्ही करा. त्याने विचारले तर सांगा.

बंदरात उतरल्यावर मिशन टू सीफेअरर्स या १८५६ पासून चालत आलेल्या संस्थेचे केंद्र आहे काय ते पाहा. अनेक बंदरांत त्यांचे पाळक जहाजावर भेटायला येतात, घरी फोन करण्याची सोय करतात. आखाती देशांत कायदा नीट समजून घ्या. दुबईसारख्या ठिकाणी सरकारने दिलेल्या आवारात चर्चे आहेत आणि तेथे उपासनेला जाण्यास आडकाठी नाही, परंतु मुसलमानांमध्ये धर्मप्रचार करणे हा गुन्हा आहे. सौदी अरेबियात तर चर्चही नाही. आपल्या शेजारच्या नेपाळात भारतीयाला व्हिसा लागत नाही म्हणून अनेकजण गाफील राहतात, पण तेथील २०१५ ची राज्यघटना दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पर्यटक म्हणून व्हिसा काढायचा आणि काम दुसरेच करायचे, हा मार्ग काही उत्साही लोक सुचवतात. मला तो मान्य नाही. आपल्या गावात कोणी खोटे कारण सांगून महिनाभर राहिला आणि नंतर त्याचा हेतू वेगळा निघाला, तर आपण त्याच्याविषयी काय बोलू ते आठवून पाहावे. सेवा किंवा औषध यांच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे, हेही त्याच जातीचे.

पाळकांना माझा निरोप सांगा: ज्या रविवारी तुम्ही साइन-ऑन करण्यास, म्हणजे जहाजावर रुजू होण्यास, निघाल त्या रविवारी परिचारिकेवर किंवा शिक्षकावर ठेवावेत तसे तुमच्यावरही हात ठेवावेत, आणि जहाजाचे नाव फलकावर लिहावे.

प्रश्न : आमच्या मंडळीने पाच वर्षांसाठी पाठवलेले कुटुंब साडेतीन वर्षांतच, दोन लहान मुलांसह, परत येत आहे. कारण त्यांनी नीट कळवलेले नाही. “पैसे वाया गेले” अशी चर्चा आहे. पुढच्या महिन्यात ते पोचतील. स्वागत कसे करावे? (मंडळीच्या वडीलमंडळाचे सभासद, मालवण)

उत्तर : कारण नीट कळवलेले नाही, की आपण नीट विचारलेले नाही? हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही एका तरुणाला हारतुरे घालून पाठवले, त्याचा फोटो फलकावर लावला. पहिल्या नाताळात त्याचा फोन आला. उपासनेनंतर अंगणात तो फोन हातोहात फिरला आणि जवळपास प्रत्येकाने त्याला एकच प्रश्न विचारला: तिकडे थंडी आहे का? आठ महिन्यांत त्याने पाठवलेली चार पत्रे चिटणिसांच्या फायलीत होती. चौथ्यात त्याने स्पष्ट लिहिले होते की त्याला झोप लागत नाही. ते पत्र आम्ही तो परतल्यावर वाचले.

योहान मार्क बर्णबा व पौल यांच्या पहिल्याच प्रवासात अर्ध्यावरून यरुशलेमेस परतला. त्याला पुन्हा न्यावे की नाही यावरून त्या दोघांत इतका वाद झाला की ते वेगळे झाले. पौलाने शीलाला घेतले आणि बर्णबा मार्कालाच घेऊन कुप्रास गेला. पुष्कळ वर्षांनी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल मार्काला घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मध्यंतरीच्या काळात त्याला कोणीतरी जवळ केले होते, म्हणून ती ओळ लिहिली गेली. आपल्या मंडळीत बर्णबाचे काम कोण करील, हे ते कुटुंब पोचण्याआधी ठरवा.

मुलांकडे विशेष लक्ष द्या. ती आईवडिलांच्या गावी ‘परतत’ नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती आपले गाव सोडून येत आहेत. १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घरी जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून भारतात आले. दोन घरे असणे हे अशा मुलांचे वैभव ठरू शकते. पण पहिल्या वर्षी ते ओझेच असते. मराठी वाचता येत नाही म्हणून शब्बाथ शाळेत त्यांना लहान मुलांच्या वर्गात बसवू नका.

अंत्युखियाची मंडळी पाठवलेले परत आल्यावर एकत्र जमली आणि त्यांनी सगळे सांगितले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. नंतर ते शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. हे ‘बरेच दिवस’ महत्त्वाचे. पहिल्याच रविवारी त्यांना व्यासपीठावर चढवून अहवाल मागू नका. निदान महिनाभर त्यांना फक्त बाकावर बसू द्या. वैद्यकीय तपासणी करवून द्या, मानधन आणखी सहा महिने चालू ठेवण्याचा ठराव आत्ताच करून घ्या, शाळाप्रवेशाची चौकशी करा. साडेतीन वर्षे बंद असलेल्या घराला वाळवी लागलेली असेल, विजेचा मीटर काढून नेलेला असेल, विहिरीवरचा पंप जाम झाला असेल. ही कामे पाहुणे उतरल्यावर सुचून उपयोगाची नाहीत. त्यांच्या घराची किल्ली सध्या कोणाकडे आहे, हे आपल्या पत्रात कोठेच आलेले नाही. ती शोधण्यापासून सुरुवात करावी.